हत्तरगे साहेब आत आहेत

निवृत्ती कांबळेनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि पुन्हा ताटात ठेवला. मघापासून तो हेच करत होता. वरण जागच्या जागी होतं, भाकरी तेवढी विरघळत चालली होती.

“बिमार हायत का?” त्याच्या बायकोनं, पंचशीलानं विचारलं.

“न्हाई.”

“मग कुनी मेलं?”

“अजून न्हाई,” निवृत्ती म्हणाला. “उद्या मरंल. मीच.”

पंचशीलानं ताट ओढून घेतलं. “उद्या मरायचं हाय तर आज जेवा तरी. ज्वारी काय फुकट आलीय?”

निवृत्तीच्या घाबरण्याला कारण होतं. मोघ्याच्या वाडीत सरकारी खर्चानं एक गवंडीकामाचं प्रशिक्षण केंद्र चाले आणि निवृत्ती त्याचा प्रमुख होता. प्रमुख म्हणजे कारकूनही तोच आणि झाडूही तोच. शिकवायला ताहेर मिस्त्री होते. गावातली पोरं येत, विद्यावेतन घेत, भिंत बांधायला शिकत आणि निघून जात. दरवर्षी वरून एकच प्रश्न येई: शिकून गेलेली पोरं सध्या काय करतात? आणि दरवर्षी निवृत्ती एकच उत्तर पाठवी: सर्व जण बांधकामात स्थिर आहेत.

पण तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता. उस्मानाबाद लांब. तिथून भीती निघाली तरी दोन ठिकाणी एसटी बदलून वाडीत पोचेपर्यंत तिचा जीव निम्मा होई. आता लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी कचेरी झाली, नवे साहेब आले आणि भीती थेट गाडीनं येऊ लागली. त्यात पावसानं सलग दगा दिलेला. माणसाला प्यायला पाणी नाही, तिथं भिंतीला कोण पाजणार? सगळ्या तालुक्यात कुणी साधा चौथरा बांधत नव्हतं. शिकलेली पोरं रोजगार हमीवर पाझर तलावाची माती उपसत होती. तेवढ्या अर्थानं ती बांधकामात स्थिर होती, कारण बांधावरून हलायला त्यांना जागाच नव्हती.

आणि अशा वेळी लातूरहून निरोप आला होता. हत्तरगे साहेब स्वतः येणार. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. पोरं बोलवा, माझ्यासमोर एक खोली बांधू द्या. बांधली तर केंद्र राहील. नाही बांधली तर कुलूप.

“कुलूप लागलं की मी बी जातो माती उपसायला,” निवृत्ती म्हणाला.

“तुमाला पाटी उचलंल का?” पंचशीलानं त्याच्या दंडाकडं बघत विचारलं. उत्तर तिलाही ठाऊक होतं.

सकाळी हत्तरगे साहेबांची जीप आली. साहेब देहानं भरदार होते, सफारीची बटणं जिवाच्या करारावर टिकून होती. जीपमधून आधी सिमेंटच्या गोण्या उतरल्या, मग साहेब.

“पोरं कुठायत?”

आठही पोरं रांगेत उभी होती. तलावावरून तशीच उचलून आणल्यामुळं त्यांच्या केसांत माती होती. त्यांचा म्होरक्या व्यंकटी. तो तर नुसत्या भीतीनं उभ्या उभ्या झुलत होता.

“शिकलात ना?”

“हाव जी.”

“मग बांधा. चार भिंती, माझ्या डोक्याच्या वर. मी फक्त दोनच गोष्टी बघणार. भिंत सरळ आहे का आणि किती वर आली. बाकी मला काही सांगायचं नाही.”

जागा ठरलेलीच होती. केंद्राच्या आवारात कधीकाळच्या कापसाच्या गोदामाचं शहाबादी फरशीचं जोतं शाबूत होतं. पाया खणायची गरज नव्हती. विटाही होत्या. ताहेर मिस्त्री पोरांना मातीच्या गाऱ्यात भिंत बांधायला लावत आणि संध्याकाळी तीच उतरवून, विटा झटकून, रचून ठेवायला लावत. चार तुकड्या त्याच विटांवर शिकून गेल्या होत्या. कामाचा अनुभव पोरांपेक्षा विटांना जास्त होता.

“आन् चौकट?” ताहेर मिस्त्रींनी निवृत्तीच्या कानात विचारलं.

निवृत्तीचा चेहरा उतरला. केंद्राला लाकूड कधी मंजूरच झालं नव्हतं.

“मी आनतो,” मिस्त्री म्हणाले. “अहमदपूरला बसवंत सुताराकडं एक पडून हाय. जातो आन् येतो. पोरांनो, मी येईपर्यंत हात थांबवू नका. साब के सामने बैठनेका नहीं.” आणि ते एसटी धरायला पळाले.

काम सुरू झालं तसा पाण्याचा प्रश्न उभा राहिला. निवृत्तीनं गावातून रिकामी पिंपं आणली होती, ती पालथी घालून त्यांच्यावर फळ्यांची परांची करून पोरं उभी राहणार होती. त्या पिंपांची मालकीण कोंडाबाई. ती कमरेवर हात ठेवून आली.

“सर, पिंपं नेली. वर आमच्या प्यायच्या पान्यातनं माल कालवून राहिलात. भितीला तहान लागलीय व्हय?”

“मावशी, हळू बोल. साहेब हाय.”

“साहेब हाय तर साहेबाचं पानी घ्या की! वाळला व्हय तो?”

“मावशी, तुझ्या पाया पडतो. पुढचा टँकर आला की पयली घागर तुझी. मी सोता येशीत उभा ऱ्हातो.”

“मग चला आत्ताच. टँकर कवा येतो, कुनाला ठाव? आन् टँकर आला की माझी पिंपं मला पायजेत. बोला हाव.”

निवृत्ती हाव म्हणाला आणि कोंडाबाईबरोबर वेशीत जाऊन बसला.

इकडं ऊन चढलं. आवारात सावली म्हणून नव्हती. लिंबाचं झाड होतं, पण दुष्काळानं त्याची पानं झडून त्याची नुसती परांची राहिली होती. भिंती गुडघ्याएवढ्या आल्या आणि हत्तरगे साहेबांच्या लक्षात आलं, की साऱ्या आवारात एकच सावली आहे आणि ती वाढत चालली आहे. त्यांनी खुर्ची उचलायला लावली. भिंत ओलांडून ते आत गेले, भिंतीच्या सावलीत बसले. सावली कमरेपर्यंत आली, मग छातीपर्यंत. साहेबांनी पंचशीलानं पाठवलेले धपाटे दह्याशी खाल्ले, वर ताक घेतलं.

“गार आहे इथं,” साहेब म्हणाले. “मी जरा डोळे मिटतो. मला कुणी उठवायचं नाही. आवाज करायचा नाही. उठेन तेव्हा भिंती पुऱ्या दिसल्या पाहिजेत.”

हे ऐकून पोरांनी असं काम केलं, की तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. साहेबांना वीट लागू नये म्हणून सगळी बाहेरच्या अंगानं बांधत होती. थापीचा आवाज होऊ नये म्हणून वीट ठोकायची ती तळहातानं. बोलायचं ते खुणेनं. सिमेंट तर भीतीपोटी असं घातलं, की नुसत्या मालाचीही भिंत उभी राहिली असती. आतून घोरण्याचा आवाज आला की हात चालत. घोरणं थांबलं की आठही जण श्वास धरून दुप्पट चालवत.

दुपार कलली तसा टँकर आला. कोंडाबाईनं आधी फळ्यांखालची पिंपं काढून नेली आणि मग निवृत्तीला सोडलं. तो धापा टाकत आवारात शिरला आणि जागीच थांबला. चार भिंती उभ्या होत्या. डोक्याच्या वर, सरळ, कोपरे सुरीनं कापल्यासारखे. निवृत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी वाडीत फुकट मिळालेलं पाणी तेवढंच.

“झालं रे पोरांनो! वाचलो! साहेब कुठायत?”

“आत,” व्यंकटी कुजबुजला.

निवृत्ती आत जायला निघाला. त्यानं खोलीला उजवीकडून फेरी मारली. आपलंच काही चुकलं असेल म्हणून मग डावीकडून मारली. मग एका भिंतीला हात लावून तो बराच वेळ उभा राहिला.

“व्यंकटी,” तो अगदी मायेनं म्हणाला, “बाळा, दार कुठाय?”

आठही पोरांनी भिंतीकडं पाहिलं. मग एकमेकांकडं. सकाळपासून त्यांनी भिंत सरळ आहे का आणि किती वर आली, एवढंच पाहिलं होतं.

तेवढ्यात फाटकातून ताहेर मिस्त्री डोक्यावर चौकट घेऊन आले. एसटी वाटेत बंद पडली होती, निम्म्या वाटेवर चौकट त्यांनी डोक्यावरूनच आणली होती. तेही खोलीभोवती एकदा फिरले. दुसऱ्यांदा फिरले. चौकट खाली ठेवली आणि तिच्यातच उभे राहिले.

“दरवाजा कां है रे?”

“चौकट नव्हती ना, वस्ताद,” व्यंकटी रडवेल्या आवाजात म्हणाला. “चौकट उभी असंल तर तिच्या दोन्ही अंगानं बांधायचं. चौकट नसंल तर भित बांधायची. तुमीच शिकवलं.”

“मी? मी कवा शिकवलं?”

“चार वर्सं भितच शिकवली की. चौकट कवा आनली?”

मिस्त्रींनी चौकटीकडं पाहिलं. चौकट आधी उभी राहते, तिला हळद लागते, मग भिंत तिला येऊन भिडते. दार सोडायला त्यांनाही कधी कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप सुटत आलं होतं.

आणि आतलं घोरणं थांबलं.

बाहेर कुणी हललं नाही. खुर्ची करकरली. बुटांचा आवाज आला, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मग तिसऱ्या. मग चौथ्या. मग पुन्हा पहिल्या.

“निवृत्ती.”

“जी साहेब.”

“काम चांगलं झालंय.”

“जी साहेब.”

“सरळ आहे.”

“जी साहेब.”

बुटांची पुन्हा एक फेरी झाली.

“निवृत्ती, मी बाहेर कसा येऊ?”

“जी साहेब,” निवृत्ती सवयीनं म्हणाला.

“अरे जी काय जी! आत विंचू आहे!”

“साब, हलू नका!” मिस्त्री ओरडले. “विटातला हाय, गरीब असतो!”

“फोडा! भिंत फोडा आधी!”

शिडी नव्हती, पिंपं कोंडाबाईकडं. मिस्त्रींनी पहार उचलली, तोच साहेबांचा ड्रायव्हर धावत आला. “साहेब! मोठ्या साहेबांच्या गाड्या आल्या वेशीत! दुष्काळी दौरा हाय! इकडंच वळल्या!”

आतून जो आवाज आला तो ऐकून निवृत्तीला पहिल्यांदा कळलं, की साहेबांनाही साहेब असतो.

“फोडू नका!” हत्तरगे साहेब चिरकले. “कुणी वीट हलवायची नाही! मी त्यांना म्हणालोय, मी जातीनं बसून बांधून घेतोय! हे पाहिलं तर मी गडचिरोलीला!”

“मग काय सांगू, साहेब?”

“काहीही सांग! पण फोडू नको!”

आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं सारखीच थरथरत होती, फक्त एकाच्या सोबतीला विंचू होता. टँकर अजून भरलेलाच होता; त्याच्यावरचं भांडण सोडून गाव मोटारींमागं पळत आलं. सगळ्यांत पुढं कोंडाबाई, काखेत रिकामी घागर. वेशीतल्या विहिरीत टँकर सोडला, की निम्मं पाणी चिखल पिऊन टाकतो, हे सांगायला ती आली होती. मोठे साहेब खाली उतरले. गॉगल काढून त्यांनी त्या चार भिंतींकडं पाहिलं.

“हे काय आहे?”

निवृत्तीनं नुसते हात जोडले. ताहेर मिस्त्री आकाशाकडं पाहत होते. कोंडाबाईनं भिंतींभोवती एक फेरी मारली, दार कुठं दिसलं नाही, आणि तिला जे वाटलं त्यात कपट काडीचं नव्हतं.

“हौद हाय की, साहेब. टँकरचं पानी ठिवायला. आमच्या पोरायनं बांधला. चिखलात जाऊन राहिलं होतं निम्मं.”

मोठे साहेब एकदम उजळले. दौऱ्यात सकाळपासून त्यांनी मोर्चे आणि निवेदनंच पाहिली होती. “एका दिवसात? प्रशिक्षण केंद्राच्या मुलांनी? हत्तरगे कुठायत?”

“आत हायत,” निवृत्ती पुटपुटला. आणि जीव मुठीत धरून पुढं म्हणाला, “गळती तपासून राहिले.”

“नमस्कार सर,” भिंत म्हणाली.

“वा हत्तरगे! आत उतरून तपासणारा अधिकारी मी पहिल्यांदा पाहतोय. मग तपासा की नीट. टँकर आणा रे इकडं!”

टँकर आला. पाइप भिंतीवरून आत सोडला. आतून एक बारीक किंकाळी आली, ती पाण्याच्या आवाजात बुडाली.

ताज्या भिंती पाणी धरत नाहीत, हे सांगायला कुणी मिस्त्री नको. पण ही भिंत भीतीनं बांधलेली होती आणि भीतीत सिमेंट पोटभर पडलेलं होतं. तरी खालच्या थरातून इथं एक, तिथं एक धार डोकावू लागली. ताहेर मिस्त्रींनी आधी पाहिली आणि ते जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मग व्यंकटी उभा राहिला. मग बाकीचे. नऊ जण भिंतीला पाठ लावून ताठ उभे.

“शिस्त बघा,” मोठे साहेब म्हणाले. “आणि घाम बघा. शर्ट पिळून काढा म्हणावं. गळतंय का हो, हत्तरगे?”

“नाही सर.”

“पाणी कुठवर आलं?”

“गुडघ्याला, सर.”

“चालू द्या.”

“कमरेला, सर. खुर्ची तरंगायला लागली, सर.”

“उत्तम! म्हणजे हौद समपातळीत आहे.” मोठे साहेब निवृत्तीकडं वळले. ज्या प्रश्नाला तो वर्षानुवर्षं भीत आला होता, तो समोर उभा राहिला. “ही मुलं शिकून गेल्यावर सध्या काय करतात?”

“हौद बांधतात, साहेब,” निवृत्ती म्हणाला. नोकरीत रुजू झाल्यापासून त्या प्रश्नाला त्यानं दिलेलं खरं म्हणावं असं ते पहिलंच उत्तर होतं.

मोटारींचा धुरळा दिसेनासा झाला तसा निवृत्ती भिंतीकडं धावला, पण त्याच्या आधी बायका पोचल्या होत्या. कोंडाबाई हौदाभोवती वाकून काही शोधत होती.

“तोटी कुठाय रे, व्यंकटी?”

“तोटी लावल्याली नव्हती, मावशी.”

“मग पानी काढायचं कसं, तोंडानं?”

तिनं पिंप आणवलं, त्यावर चढली आणि आत डोकावली. आत कमरेइतक्या पाण्यात हत्तरगे साहेब उभे होते. विंचू खुर्चीवर होता. दोघं एकमेकांना निरखत होते.

“साहेब,” कोंडाबाई म्हणाली, “आत हायतच, तर एवढी घागर भरून द्या की.”

“बाई, मला बाहेर काढा.”

“काढू की. पर तुमी भाईर आल्यावर ह्या पान्याला हात कुनाचा पोचंल? धरा घागर. वरचं वरचं भरा, तळाचं गढूळ नगं.”

दोराला बांधून घागरी आत उतरू लागल्या. साहेब भरत होते. पहिल्यांदा रागानं, मग नाइलाजानं, मग त्यांना हळूहळू पद्धत सापडली. एका घरी एक घागर. दुसरी मागितली की साहेब मान हलवत आणि घागर रिकामी वर जाई. त्या उन्हाळ्यात वाडीत पाण्यावरून झिंज्या उपटल्या गेल्या नाहीत असा तो एकच दिवस. नंतर पंचशीला आली, तिची घागर साहेबांनी जरा जास्त भरली.

“धपाटे तुमचेच ना?” ते म्हणाले.

पाणी तळाला गेलं तेव्हा पिंपं आत सोडून साहेबांना वर काढलं. कपडे चिकटलेले, बोटं सुरकुतलेली. निवृत्ती हात जोडून उभा होता. त्यानं मनात घरची पाटीसुद्धा शोधून ठेवली होती.

साहेबांनी सगळ्या गावावर नजर फिरवली. “हे कुणाला सांगायचं नाही.”

“जी साहेब,” सगळं गाव म्हणालं, आणि रात्रीच्या आत आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांना कळलं.

पुढच्या महिन्यात लातूरहून हुकूम आला. केंद्र चालू राहणार होतं. टंचाईच्या प्रत्येक गावात असाच हौद, याच पोरांच्या हातून, याच पद्धतीनं. पोरं तलावावरून उतरली ती हातात थापी घेऊन, आणि पुन्हा पाटी उचलायची वेळ कुणावर आली नाही. हुकुमाच्या शेवटी मोठ्या साहेबांनी आपल्या हातानं एक ओळ वाढवली होती: प्रत्येक हौदाची गळती श्री. हत्तरगे यांनी पूर्वीप्रमाणेच आत उतरून तपासावी.

पद्धत तीच असल्यामुळं तोटीला भोक कुणी सोडलं नाही. त्यामुळं नव्या गावात हौद उभा राहिला, की बायका घागरी घेऊन येत, पिंपावर चढून आधी आत डोकावत, आणि आत साहेब दिसला नाही तर तशाच खाली उतरून व्यंकटीला म्हणत, “अर्धंच काम करून ठिवलंय की वो मिस्त्री. अजून साहेब बसवायचा ऱ्हायलाय.”